पोटाची साक्ष

"किती वर्षांपासून घेता?" सोनोग्राफीचा कागद बघत डॉक्टरांनी विचारलं.

"चहा ना?" मी म्हणालो. ते हसले नाहीत.

मला लिव्हर सिरॉसिस झाला होता. म्हणजे यकृत निबर होऊन आकसतं आणि त्याचं काम थंडावतं. दोन महिन्यांपासून पायांवर सूज होती, पण आमचा स्वभाव असा की नवी पँट पोटावर बसेना तेव्हा मी शिंप्यालाच बोल लावले.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले तेव्हा साकोलीला शिकवत होतो, आता वरठीत राहतो. आमची ख्रिस्ती मंडळी पंधरा-वीस घरांची. तिच्या कारभाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो, आणि मी बारा वर्षं वडील होतो. हे लिहितोय ते कोणाला आजार लवकर ओळखता यावा म्हणून. आणि प्रकाशशी मी जे वागलो ते चारचौघांत कबूल करायचं म्हणून.

प्रकाश इथल्या कारखान्यात कामाला होता. प्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक दिवस मंडळीत उभा राहून म्हणाला, सोडली. पुढे वर्षभरात त्याचे डोळे पिवळे झाले आणि पोट फुगलं. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी वडील बसतात, कोणाला भाकर-प्याला द्यायचा आणि कोणाला थांबवायचं ते ठरवतात. त्याला बोलावलं.

"गुरुजी, वर्ष झालं, थेंबाले हात नाही लावला," तो म्हणाला. "पोट काहून फुगून राहिलं, मले बी समजत नाही."

"पोटच साक्ष देऊन राहिलं, बाबू," मी म्हणालो. "लपवलं असन तं प्रभूजवळ मोकळं कर." बाकीच्या वडिलांनी माना डोलावल्या. माझ्यापुढे ते बहुधा तेच करत.

दुसऱ्या दिवशी त्याने हात पुढे केला होता, तरी मी भाकरीचं ताट त्याच्यासमोरून पुढे नेलं. त्यानंतर तो उपासनेला आला नाही. सात महिन्यांनी गेला. मयतीत मला दोन शब्द बोलायला सांगितले, तेही मी दारूवरच बोललो. त्याची बायको मार्था खाली मान घालून ऐकत होती.

आता मी भंडाऱ्याच्या दवाखान्यात तसंच पोट घेऊन पडलो होतो. जन्मात दारू चाखली नाही, हे डॉक्टरांना सांगितलं, आयाबाईला सांगितलं, सलाईन लावणाऱ्या सिस्टरला तर तिने न विचारताच सांगितलं. कारण निघालं मधुमेह आणि वजन. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणं, वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलं की काहींना इथवर आणतं. डॉक्टरांनी फाइलीत 'नॉन-अल्कोहोलिक' लिहिलं, म्हणजे दारूमुळे न झालेला. ती फाइल त्याच पानावर उघडी करून मी उशाशी ठेवली. भेटायला येणाऱ्याची नजर पोटाकडे गेली की मी फाइल पुढे सरकवायचो. बायको म्हणाली, "पुरे आता, लोक हसतात."

शेजारच्या खाटेवर अड्याळचा एक शेतकरी होता. माझा हा खटाटोप तो दोन दिवस बघत होता.

"गुरुजी, तुमच्याजवळ कागद तरी हाय," तो म्हणाला. "मी तं पेलोच. पण पाणी तं दोघायच्या बी पोटात हाय ना?"

त्याच्यासोबत एका खोलीत ठेवल्याचा मला राग आला होता.

चौथ्या दिवशी टॅपिंग झालं, म्हणजे पोटात सुई घालून साठलेलं पाणी काढतात. दुखणं सोसवतं, पण ते पाणी जमा होतं त्या बाटलीकडे बघू नये. त्याच सकाळी त्या शेतकऱ्याची बायको डॉक्टरांजवळ रडत होती, सोडली म्हणतो पण चोरून पीत असेल, नाहीतर पोट का उतरत नाही? डॉक्टर म्हणाले, "यकृत एकदा निबर झालं की दारू सोडून वर्ष झालं तरी पाणी होऊ शकतं. पोट बघून माणसाला खोटं ठरवू नका, बाई."

मी भिंतीकडे तोंड केलं. प्रकाश खरं बोलत होता. मी ढसाढसा रडलो आणि बायकोला वाटलं, सुईचं दुखतंय.

मार्था पाचव्या दिवशी आली. बिनमिठाची खिचडी आणली होती, लिंबू पिळलेली. या आजारात मीठ तोडावं लागतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. रोज सकाळी वजन करा, कुशीवर झोपा म्हणजे दम लागत नाही, असं बायकोला समजावत होती. मी हात जोडून म्हणालो, "मार्थाबाई, प्रकाश खरा होता. मी चुकलो."

"मले सांगून काय होते, गुरुजी?" ती म्हणाली. "ज्याले आयकाचं होतं तो गेला. खाऊन घ्या, खिचडी थंडी होते."

घरी आल्यावर मी वडीलपण सोडलं. पुढच्या रविवारी काठी टेकत मंडळीसमोर उभा राहिलो आणि शनिवारच्या बैठकीपासून मयतीतल्या भाषणापर्यंत सगळं सांगितलं. देवाने क्षमा केली असेल, असं मानतो. मार्थाकडे क्षमेचा हिशेब मी मागत नाही.

माझं यकृत पूर्ववत होणार नाही. पथ्य, गोळ्या, दर तीन महिन्यांनी तपासणी, जेवढं चालेल तेवढं. तुमच्या घरात कोणाच्या पायावर सूज आली, डोळे पिवळे झाले, तर आधी डॉक्टर गाठा. तो काय पितो याची चौकशी डॉक्टर करतील.

त्या रविवारी उपासना संपल्यावर मार्था माझ्याजवळ थांबली. वाटलं, आता माफ केलं म्हणेल.

"तुमी ताट नाही देल्लं, त्याचं त्यानं मनावर घेतलं नाही," ती म्हणाली. "म्हणे, गुरुजीचं कामच हाय ते. पण सात महिने खाटीवर होता, तं रोज दाराकडे पाहे. म्हणे, गुरुजी येतीन एखाद दिवस, बरं हाय का म्हणून पुसतीन."

प्रकाशच्या आणि माझ्या घराच्या मध्ये फक्त चार घरं आहेत.