शब्दकोशाचा दोरा

दुष्काळाच्या वर्षी श्रीरामपूरजवळच्या एका हायस्कुलात मी इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. घरची विहीर आटली होती. ही नोकरी मिळाली नसती, तर सरकारी कामावर खडी फोडणं तेवढं उरलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष मोठे बागायतदार. उमेदवाराचं इंग्रजी किती खोल आहे हे मोजायची त्यांची स्वतःची रीत होती. "जी, एच, टी शेजारीशेजारी येत्यात असे पाच शब्द सांगा," ते म्हणाले. "पण जुने पायजेत. नाइट-लाइट पोरं बी सांगत्यात."

मी सुरू केलं. वाइट म्हणजे माणूस, डाइट म्हणजे नटवलेला, हाइट म्हणजे अमुक नावाचा, फ्रॉट म्हणजे लादलेला. पाचवा आठवेना. शेवटी ठोकून दिलं, "थ्रॉट. म्हणजे आटलेली विहीर."

"म्हंजे इंग्रजाची बी आटायची!" अध्यक्ष खूश झाले. पण शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "साहेब, शब्दकोशात बघू या ना."

शिपायाने कपाटातून जाडजूड शब्दकोश आणला. पुठ्ठ्यावर हळदकुंकू, वाळका झेंडू, आणि सगळ्याला दसऱ्याच्या पूजेचा लाल दोरा गुंडाळलेला. हेडमास्तरांनी गाठीला हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, गुरुजी," अध्यक्षांनी शब्दकोशाला हात जोडले. "पूजेतली सरस्वती हाय. दोरा सोडायचा न्हाई."

नोकरी मिळाली. पुढच्या दसऱ्याला शब्दकोशाची पूजा मी मागून घेतली, आणि दोऱ्याला दोन गाठी जास्त मारल्या.