थाळी माझ्या कपाटात होती

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आधी शपथेवर सांगतात, की आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा तर नव्हताच, वर मी वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते. कुणी भुताचं नाव काढलं की मी त्याला ध्वनिलहरी समजावून सांगायची. फार आगाऊ बाई होते मी! आता अडुसष्टाव्या वर्षी हे सांगतेय आणि माझी नात मोबाईलवर टाइप करतेय. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की हिंदी.

आमचं घर झाशीला, दतिया गेटच्या आतल्या गल्लीत. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असायची. वय शहात्तर, आणि हट्ट सहा वर्षांच्या पोरीचा. दर उन्हाळ्यात घरी कुरडया व्हायलाच हव्यात. तीन दिवस गहू भिजवायचे, चीक काढायचा, शिजवायचा आणि गच्चीत कापडावर सोऱ्याने कुरडया घालायच्या.

आणि झाशीची माकडं! कापड पसरलं की टोळी हजर. त्यासाठी घरात एक जुनी पितळी थाळी होती, काठाला चीर गेलेली. लाटण्याने बडवली की ठण्ण होऊन मागे झर्रर्र असा फाटका आवाज राहायचा. गल्लीत कुणाच्या घरात तसा आवाज नव्हता. घरचा नियम असा, की थाळी वाजली की जो कुणी खाली असेल त्याने काठी घेऊन वर पळायचं.

त्या वर्षी मी म्हटलं, "आई, बाजारात पाकिटं मिळतात. या उन्हात तू गच्चीत जायचं नाहीस."

"पाकिटातली तू खा," आई म्हणाली. "तुला तशीही चव कुठे कळते!"

चीक तयार होता. ऐकणार नाही हे दिसत होतं. म्हणून सकाळी, ती देवापाशी बसलेली असताना, मी थाळी उचलली, माझ्या लोखंडी कपाटात साड्यांच्या मध्ये खुपसली आणि किल्ली कमरेला लावली. थाळी नाही म्हणजे म्हातारी वर जाणार नाही... असा माझा सिद्धांत. स्वतःवर इतकी खूश होते की चहात दोनदा साखर घातली.

आई सोऱ्या घेऊन वर गेली.

मी कूलरसमोर पेपर वाचत बसले. हे ड्युटीवर होते. दहाच्या सुमाराला थाळी वाजली. ठण्ण... झर्रर्र. पुन्हा ठण्ण. तीच थाळी, शंकाच नाही. शहाण्या माणसाने आधी कमरेची किल्ली चाचपली असती. मला मात्र रागच आला — हिने दुसरी किल्ली शोधून काढली तर! जिंकली म्हणून मुद्दाम वाजवतेय! वाजव म्हटलं, हात दुखेपर्यंत वाजव. आणि मी पान उलटलं.

वीस मिनिटं... कदाचित जास्तच. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेवटी समोरच्या भाभी दारात आल्या.

"काए दीदी, अम्माजी कब से थाली पीट रईं! बंदर जादा हैं का? कोई ऊपर गया कि नईं?"

लोक काय म्हणतील म्हणून उठले. आईसाठी नाही, हे इथे लिहून ठेवते.

जिन्यावरच्या छोट्या छपरावर माकडं कुरडयांचं कापड फाडत बसली होती. लोखंडी शिडी आडवी पडलेली. आणि तिच्याशेजारी तापलेल्या फरशीवर आई, पाय विचित्र वळलेला. वाजवायला काही नाही, म्हणून ती काठी घेऊन शिडीवर चढली होती. हाका मारून घसा बसला होता, नुसते ओठ हलत होते. शेजारी काठी होती, सोऱ्या होता. थाळी नव्हती. मी गच्ची सगळी पाहिली. लाटणंसुद्धा खाली स्वयंपाकघरातच होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. संध्याकाळी मी हॉस्पिटलमधून तिची लुगडी न्यायला घरी आले आणि आधी माझं कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. थाळी दोन साड्यांच्या मध्ये, मी ठेवली होती तशीच. हात लावला आणि चटका बसला. उन्हात पडलेल्या भांड्यासारखी तापली होती. वरखालच्या साड्या मात्र गार.

"दादी, झाँसी में मई में सब कुछ गरम होता है," नात आत्ताच म्हणाली. खरंय. मग साड्या का नव्हत्या, ते तिने सांगावं.

दुसऱ्या कुणाची थाळी असेल? तो फाटका आवाज दुसरीला कुठून येणार? मला भास झाला असेल? मग भाभींनाही झाला. मी पुष्कळ लहरी मोजून पाहिल्या, बाईंचं विज्ञान तिथेच नापास.

आई पुन्हा चालली नाही. चौदा महिने मी तिचं सगळं केलं, आणि रोज वाट पाहिली, की ती विचारेल, त्या दिवशी थाळी जागेवर का नव्हती. तिने विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वर माकडं धावली. छताकडे बघत आई म्हणाली,

"कुंदे, थाळी जागेवर ठेवत जा गं. दर वेळी कुणी वाजवेलच असं नाही."

'म्हणजे त्या दिवशी कुणी वाजवली?' एवढंच विचारायचं होतं. आईला माहीत होतं, असं मला अजून वाटतं. पण मी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर तिने विचारलं असतं, लपवली कुणी.

थाळी आता जिन्याच्या खिळ्याला टांगलेली असते. कुरडया आमच्याकडे कुणी करत नाही.