बोटीवर कोणी थांबायचं

एप्रिलमधली सकाळ होती. बायको अक्कलकोटच्या बहिणीशी फोनवर बोलत होती, तेही कन्नडमध्ये. तिचं माहेर तिकडचं. मनातलं काही बोलायचं असलं की ती कन्नडवर उतरते. एवढ्या वर्षांच्या संसारात मला त्यातलं निम्मं कळायला लागलंय, हे तिला ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ती तसं दाखवत नाही. मी हॉलमध्ये पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. "ना बरंगिल्ल," ती म्हणाली. मी येणार नाही. कुठं, हे विचारायची गरज नव्हती. त्या दिवसांत आमच्या घरात जाण्यायेण्याचा एकच विषय होता, अलास्का.

माझं डोकंच सटकलं. मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात सिअ‍ॅटलला असतात. जुलैत आम्ही दोघांनी तिकडं जायचं आणि तिथून पाचही जणांनी सात दिवसांच्या बोटीनं अलास्का बघून यायचं, असा मुलाचा बेत. बोट चार बंदरांना थांबते. प्रत्येक ठिकाणी काही तास मिळतात, तेवढ्यात खाली उतरून एखादी सहल करून परत बोटीवर यायचं. कोण कोणत्या सहलीला जाणार ते आधी कळवावं लागतं, आणि ती मुदत येत्या रविवारी संपत होती. मुलानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, आई येणार नसेल तर बेत रद्द. म्हणजे रविवारपर्यंत ही बाई हो म्हणाली तर अलास्का, नाहीतर जुलैत आपलं सोलापूर आहेच. आणि ही मला एका शब्दानं न सांगता अक्कलकोटला कळवून मोकळी.

विचारलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून विचारलं नाही. एरवी मी गप्प बसणारा माणूस नव्हे. चौतीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. कोणती गाडी कधी सुटणार, त्यावर ड्रायव्हर कोण, कंडक्टर कोण, कोणाची सुट्टी, हे सगळं माझ्या तक्त्यावर. माझ्यापुढं भलेभले ड्रायव्हर नरम असायचे. रिटायर झालो आणि ओरडायला माणूसच उरलं नाही. सकाळी उठून सात रस्ता चौकापर्यंत चालत जायचं, परत यायचं, आणि मग दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. बायको म्हणायची, तुम्ही एका जागी बसा की जरा, मला गरगरायला लागलंय.

त्यात ही बोट आली. बोट म्हणजे शेवटी मोठी गाडीच की. सुटायची वेळ ठरलेली, आणि मागं राहिलेल्या पॅसेंजरसाठी ती थांबत नाही. फोनवर असे व्हिडिओ आहेत, माणसं हातात पिशव्या घेऊन धक्क्यावर पळताहेत आणि बोट निघालेली. मी ते एकामागून एक बघायचो आणि माझा जीव कासावीस व्हायचा. आपलं कोणी मागं राहिलं तर? बोटीची वेळ एक आणि किनाऱ्यावरची वेळ दुसरी, असं निघालं तर? मुलाला मी दिवसातून पाच-पाच निरोप पाठवत होतो. शेवटी तो म्हणाला, बाबा, सहलींचं सगळं तुम्हीच ठरवा, मला फक्त रविवारी सांगा. त्याला वाटलं असेल, पीडा टळली. मला मात्र नोकरी परत मिळाल्यासारखं झालं.

जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं केलं, पट्टी घेतली आणि ड्युटीचा तक्ता आखला. वर चार बंदरं. डाव्या बाजूला पाच माणसं. केचिकानला लाकूडतोड्यांचे खेळ. जुनोला छोट्या बोटीतून हिमनदीच्या तोंडापर्यंत, तिथं बर्फाचे कडे पाण्यात कोसळताना दिसतात म्हणे. स्कॅगवेला डोंगरातली जुनी रेल्वे. शेवटी व्हिक्टोरियाला बाग. जुनोची सहल सगळ्यात भारी, पण चार वर्षांखालचं मूल तिथं चालत नाही. मी ते लगेच सोडवलं. तक्ता जमवताना अडचण आली की पेन कुठं ठेवायचं ते हाताला बरोबर माहीत असतं. तक्ता फ्रिजवर लावला आणि दोन पावलं मागं जाऊन बघितला. एकही चौकट रिकामी नव्हती.

हे सगळं त्या कन्नड फोनच्या दोन दिवस आधीचं. फोन ऐकल्यावर मी विचार करू लागलो, हिला नडतंय काय? आधी वाटलं, गुडघे. डॉक्टरांना गाठलं, ते म्हणाले, जाऊ द्या की, चालतील तेवढं चालतील. मग वाटलं, जेवण. कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती दिवस टिकते त्याची चौकशी केली, जसं काही सोलापूरच्या माणसाला ते माहीतच नसतं. मग वाटलं, थंडी. हे मात्र पटलं. लग्नानंतर या बाईनं स्वेटर घातलेला मी बघितलेला नाही, इथं घालायचा कधी?

म्हणून भर उन्हात नव्या पेठेत गेलो. डांबर चपलेला चिकटत होतं. दुकानदाराला म्हटलं, लोकरी कानटोप्या, हातमोजे आणि आतून घालायचे गरम कपडे दाखवा. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग विचारलं, काका, तब्येत बरी आहे ना? माल गोडाऊनमध्ये, दिवाळीनंतर या. मी त्याला सोडलं नाही. तासाभरानं त्यानं कुठल्यातरी खोक्यातून डांबरगोळ्यांचा वास मारणारे दोन जोड काढून दिले. घरी येऊन तिच्यापुढं ठेवले. तिनं पिशवी उघडलीसुद्धा नाही, कपाटात टाकली आणि म्हणाली, जेवायला बसा.

मला खरंच काही कळेना, आणि कळेना म्हणून राग येत होता. कागदपत्रांच्या वेळी तर ही उत्साहात होती. शेवटचं बंदर कॅनडात, म्हणून त्याचा वेगळा व्हिसा, त्यासाठी दोघांनी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे दिले. माझे एका झटक्यात उमटले. हिचे उमटेनात. भांडी घासून-घासून बोटं गुळगुळीत झालेली. काउंटरवरच्या मुलीनं तीन-चारदा बोटं पुसून ठसे घेतले तेव्हा कुठं मशीन हो म्हणालं. तेवढा वेळ ही घाबरून उभी होती, आता मला सोडत नाहीत की काय म्हणून. झालं म्हटल्यावर पुण्यापासून टेंभुर्णीपर्यंत बर्फाबद्दल बोलत होती. बर्फ निळा असतो का हो, असं तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, बर्फ पांढराच असतो, कुठून आणलंस निळं? तिनं फोटोत बघितलं होतं. घरी येऊन मी मुलाला विचारलं, तर निळाच असतो.

शनिवारी सकाळी साडेसातला मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सूनही होती. मी फ्रिजवरून तक्ता काढून फोनसमोर धरला आणि एकेक चौकट वाचून दाखवली. मुलगा हसत होता, अगदी स्टँडवर उभा असल्यासारखं वाटतंय म्हणाला. जुनोला आलो तेव्हा सुनेनं विचारलं, आई, तुम्हाला चालेल ना? त्या दिवशी नाहीतर मी थांबते. मी म्हटलं, तू कशाला थांबतेस, तुमची वर्षाची सुट्टी ती केवढी. आईला तेवढाच आराम. बायकोनं मान हलवली. फोन ठेवला. ती उठली आणि ओट्यावरून फडकं फिरवायला लागली. ओटा स्वच्छ होता.

मी म्हटलं, उद्या नावं द्यायची आहेत. तू बहिणीला काय सांगितलंस ते मी ऐकलंय. तिथं एक आणि इथं मान हलवायची, हा काय प्रकार आहे? मुलगा एवढा जीव टाकतो आणि तुझे नखरे. माझा आवाज चढला होता, ते मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

तिनं फडकं खाली ठेवलं. फ्रिजपाशी गेली. तक्ता मी परत लावला होता. तिनं आपल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक चौकट मोठ्यानं वाचली. केचिकान, बाळ अधिक आराम. जुनो, बाळ अधिक आराम. स्कॅगवे, गुडघे, आराम. व्हिक्टोरिया, बाग, जमल्यास.

"बाळ आणि आराम एका चौकटीत लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला," ती म्हणाली.

मला हसू आलं. तिला नाही आलं. मग ती बोलली, न थांबता, आणि मराठीत, म्हणजे मला सगळं कळावं म्हणून. सुनेच्या बाळंतपणाला ती सहा महिने सिअ‍ॅटलला होती. त्या सहा महिन्यांत तिनं बघितलं काय, तर स्वयंपाकघर, डायपरचे खोके आणि खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची गाडी. त्याबद्दल तक्रार नाही, ते काम होतं आणि ते तिनं आनंदानं केलं. पण हंपीला गेलो तेव्हा सामानापाशी कोण बसलं होतं? कन्याकुमारीला सगळे सूर्योदयाला गेले तेव्हा खोलीवर कोण होतं? गोव्याला बोटीत बसायला मुलाला घेऊन मी गेलो, आणि चपला-पिशव्या घेऊन काठावर कोण? कोणीतरी थांबायला पाहिजे ना, असं मी म्हणायचो, आणि ते कोणीतरी म्हणजे ती, हे कधी ठरवावंसुद्धा लागलं नाही. अलास्काला सामान खोलीत कुलपात राहणार, हे ऐकून तिला बरं वाटलं होतं. मग हा तक्ता फ्रिजवर लागला.

"मला तो बर्फ बघायचाय," ती म्हणाली. "बोटीवर बसायचं असेल तर मी इथंच बसते. इथं निदान माझं घर आहे."

मला लाज वाटली, हे मी आज लिहितोय. त्या क्षणी आधी रागच आला. माझ्या तोंडून निघून गेलं, मग पोरीला कोण सांभाळणार? पोरीला तिकडं नेत नाहीत, तो काय मी केलेला नियम आहे?

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढा साधा प्रश्न आणि त्याचं उत्तर मला सुचत नाही, याचं तिला नवल वाटलं असावं.

"तुम्ही," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मी घराबाहेर पडलो. डफरीन चौकापर्यंत गेलो, परत फिरलो, परत गेलो. हजारो ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या मी. कोणाची सुट्टी बुडाली, कोणाला सलग नाइट पडली, असं कोणी म्हटलं की तपासून बघायचो. अन्याय नको, एवढं मी पाळलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. आणि घरात मी एकाच माणसाला आयुष्यभर तीच ड्युटी लावली, आणि वर तिला आराम म्हटलं. जुनोची हिमनदी मलाही बघायची होती, हेही खरं. दोन महिने मी तिचेच व्हिडिओ बघत होतो. ती सोडणं मला जड जात होतं. बायकोला असं किती वेळा सोडावं लागलं असेल, हे मोजायला मी मुद्दाम लागलो नाही.

घरी आलो, तक्ता खाली काढला आणि खाडाखोड केली. तिच्या ओळीत जुनोला हिमनदी लिहिलं, केचिकानला लाकूडतोडे, स्कॅगवेला रेल्वे, आणि व्हिक्टोरियाच्या बागेपुढचं जमल्यास खोडलं. रेल्वेत गुडघ्यांचा काय संबंध, बसूनच तर जायचं असतं. माझ्या ओळीत जुनोच्या चौकटीत नुसतं बाळ लिहिलं. आराम लिहिलं नाही. तिनं जाता-येता बघितलं असावं, कारण दुपारी कपाटातली पिशवी काढून तिनं ते गरम कपडे उन्हात टाकले, डांबरगोळ्यांचा वास जायला.

रविवारी सकाळी कॉल आला. मी एका दमात सांगून टाकलं, आई सगळ्या सहलींना येणार, जुनोला बाळापाशी मी थांबणार. सुनेनं मुलाकडं बघितलेलं मला दिसलं. मग ती फार सांभाळून म्हणाली, बाबा, सहा तास आहेत, जमेल ना तुम्हाला? मी म्हटलं, न जमायला काय झालं, सांग, मी लिहून घेतो. वही पुढं ओढली. बायको शेजारी बसली होती, पण तिनं मधे बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

सून सांगू लागली. नात भात कसा खाते, दूध कशात पिते, कोणत्या वेळी चिडचिड करते. मी मुद्दे घालून लिहीत होतो. मग ती म्हणाली, दुपारी झोपवणं मात्र अवघड आहे, ती अगदी तिच्या बाबांवर गेली आहे म्हणतात आई. हे लहान असताना कसे झोपायचे, तुम्ही तेच करून बघा की.

माझं पेन थांबलं. मी बायकोकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मी आठवायला लागलो, खरंच मनापासून. स्टँडवर सकाळी साडेपाचला अक्कलकोटची पहिली गाडी कोणत्या फलाटाला लागायची ते आठवलं.

"मला माहीत नाही रे," मी मुलाला म्हणालो. "तू एवढा होतास तेव्हा मी स्टँडवर असायचो."

"माहितेय, बाबा," तो म्हणाला. मग नातीला मांडीवर घेऊन, तिला पालथं कसं धरायचं आणि पाठीवर कुठं थोपटायचं, ते त्यानं मला दोनदा करून दाखवलं.