भारा टेकायचा कट्टा

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते एवढंच, की मी तिच्या डोक्यावर फाट्यांचा, जळणाच्या लाकडांचा, भारा चढवला. रोजचंच. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवून खाली बसायचं, मी भारा वर द्यायचा, तिनं गुडघ्यावर हात दाबून उठायचं. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर फाटी विकून ती येताना बांगडे आणायची.

"अवो, हात लावताय की आशीर्वाद देताय?"

"चल ऊठ गो. महिनाभरात मोटर येतेय, मग बसून जा रत्नागिरीस."

"तुमची मोटर माझा भारा घेईल काय?"

"मुंबईत ट्रामीत बायका गाठोडी घेऊन बसतात."

"ती ट्राम तुमची मुंबईत," म्हणाली नि गेली.

मी दोन यत्ता शिकलेला. मुंबईत पाच वर्षं ट्रामच्या रुळांच्या कामावर खडी उचलली, तापानं मोडून घरी आलो. पण ट्राम डोक्यातून गेली नव्हती. रस्त्याच्या मधोमध सावकाश येणारी, ठरल्या जागी थांबणारी, म्हातारीला नीट उतरू देणारी. आमच्याकडे मोटरीसाठी रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा मीच पुढं होऊन नाव दिलं. वाटलं, आमचीही मुंबई होणार.

चढ संपतो तिथं वाटेला लागून छातीएवढा उंच, जांभ्या दगडाचा कट्टा होता. कुणी बांधला ठाऊक नाही. जमिनीवर ठेवलेला भारा पुन्हा डोक्यावर घ्यायला दुसरा माणूस लागतो. कट्ट्यावर सरकवलेला भारा एकटी बाई मान खाली घालून उचलते. म्हणून बायका तिथं थांबायच्या. पाणी प्यायच्या, भांडायच्या, कुणाकुणाची लग्नं जुळवायच्या. मुकादम म्हणाला, वळणावर मोटरीच्या आड येतो. त्या सकाळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चौघांनी तो पाडला आणि त्या जागी गटाराचा चर खणला. पहिली पहार माझी.

घरी आलो, जेवलो, झोपलो. तिला सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. मी कधी त्या वाटेनं भारा घेऊन गेलो होतो?

सकाळी तिचा भारा चढवून कामावर आलो. उन्हं वर आली तेव्हा मी पुढच्या वळणावर जांभ्याची खडी टाकत होतो. वाडीतली एक बाई ओरडत आली, "भाऊ, धाव रे! वहिनी पडली!"

मी धावलो. ती चरात पडलेली, भारा मानेवर. फाटी मी एकेक करून बाजूला केली. सगळा भारा एकदम का ओढला नाही, आजही कळत नाही. तिच्यामागून येणाऱ्या त्याच बाईनं सांगितलं ते असं: वहिनी चढ चढून आली, नेहमीसारखी बाजूला वळली आणि भारा सरकवला. खाली काही नव्हतंच. भाऱ्याखालच्या माणसाला पायापुढची चार पावलं दिसतात तेवढीच, त्यात डोळ्यांत घाम. वाट ती पायांनी ओळखत होती, आणि पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरी पोचायच्या आतच गेली. मी येईल त्याला सांगत सुटलो, "काल होता हो इथं कट्टा. काल होता." जसा काही तो कुणी दुसऱ्यानंच नेला होता. माझे हात जांभ्याच्या धुळीनं लाल होते, ते सगळ्यांना दिसत होते.

मुंबईत ट्राम थांबायची तिथं माणसाला उभं राहायला जागा असायची. ती जागा मी पाच वर्षं बघितली आणि माझ्या ध्यानातच आली नाही. मी नुसती चाकं बघितली.

संध्याकाळी तिला अग्नी दिला. दुसऱ्या सकाळी माणसं पलीकडच्या उतारावरचा तसाच दुसरा कट्टा पाडायला जमली. मी त्यांच्याआधी जाऊन त्यावर चढून बसलो.

मुकादम म्हणाला, "अरे, तुला सुतक ना? घरी जा."

"सुतक आहे म्हणूनच कामावर नाही आलो. बसलोय."

"काम अडतंय बाबा."

"अडू दे."

त्यानं पहारवाल्यांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात खालून एक म्हातारी सुक्या मासळीची पाटी घेऊन धापा टाकत वर आली. मला ओळखत नव्हती.

"सरक मेल्या, टेकू दे," म्हणाली.

मी सरकलो.