कोकिळाबाईंची लाल गाडी आणि नारसिंग गाडीवान

नारसिंगने जन्मभर दोनच गोष्टी मन लावून ऐकल्या, असं त्याची बायको रमीबाई म्हणायची. एक बैलाचा श्वास आणि दुसरा चाकाचा आवाज. "मी तिसरी," असंही ती पुढे म्हणायची, "पण माझा नंबर अजून लागायचाय."

नवापूरजवळच्या एका पाड्यावरचा हा गावित जमातीचा माणूस. अंगाने किरकोळ, कान मोठे, बोलणं मोजकं. बावीस वर्षं त्याने जंगलातले सागाचे ओंडके बैलगाडीवर घालून नवापूर स्टेशनात पोचवले. पुढे व्यापाऱ्यांनी लॉऱ्या आणल्या, बैलही थकले आणि नारसिंगची गाडी दारात उभी राहिली. तिच्यावर कोंबड्या रात्रीला बसू लागल्या तेव्हा रमीबाईनेच त्याला हाताला धरून दवाखान्यात काम मागायला नेलं. त्याच्या जोडीच्या कितीतरी गाडीवानांना त्या साली कोणी दारातही उभं केलं नव्हतं. नारसिंगला मात्र काम मिळालं.

दवाखाना डॉक्टर कोकिळाबाईंचा होता. त्या लोणखेड्याच्या. मुंबईहून शिकून आल्या आणि नवापुरात राहिल्या. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या रेल्वे इंजिनियरकडून त्यांनी मोटार घेतली, ती शर्यतीची. दोनच जणांची बैठक, छप्पर कापडी, दारं कमरेइतकी कापलेली आणि चाकांना सायकलसारखे तारेचे आरे. रंग लालभडक. डॉक्टरीणबाई पदर खोचून ती गाडी चालवत निघाल्या की बाजार थांबायचा. लोक हसायचे. बाई म्हणायच्या, "हसा. अडलेल्या बाईकडं मी बैलगाडीपेक्षा तीन तास आधी पोचते."

नारसिंगला गाडी धुवायला आणि दौऱ्यावर सोबत बसायला ठेवलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. मला विचारल्याशिवाय गाडीचं काही म्हणजे काही खोलायचं नाही. त्याच्याआधी करणसिंग नावाचा माणूस होता. त्याने हौसेने भोंगा उघडून पाहिला, तर त्याच दुपारी तो घरी गेला. ही गोष्ट नारसिंगला पहिल्याच दिवशी सांगण्यात आली आणि ती त्याला पुरती समजली होती.

तरीही १९३६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी त्याच्या हातून चूक झाली. बाई प्रार्थनेला बसल्या होत्या, गाडी धुऊन झाली होती. सहा महिन्यांत चाकाला तेलाचा थेंब मिळालेला नाही हे त्याला बघवेना. गाडीवानाच्या लेखी ही मुक्या जनावराला पाणी न दाखवण्यासारखी गोष्ट. त्या चाकांच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट असतो, लाकडी हातोडीने ठोकून बसवायचा. नारसिंगने डाव्या बाजूचं मागचं चाक काढलं, आसाला एरंडेल चोळलं आणि चाक परत चढवलं. नट ठोकताना शेवटचे दोन ठोके मात्र त्याने हातात राखले. बैलगाडीचं चाक आसावर थोडं खेळतं ठेवावं लागतं. घट्ट बसवलं तर ते तापतं आणि तुंबा, म्हणजे चाकाचा मधला लाकडी गड्डा, जळतो. बावीस वर्षांत त्याचं एकही चाक तापलं नव्हतं.

मंगळवारपासून गाडीत टिक् टिक् आवाज येऊ लागला.

कोणी बांगडी भांड्यावर हळूच आपटावी तसा तो आवाज होता. कधी यायचा, कधी नाही. नारसिंगने तो ऐकला, पण त्याचं मन चाकाकडे गेलं नाही. बैलगाडीचं खेळतं चाक खडखड बोलतं आणि ते चांगलं लक्षण मानतात. हा आवाज बारीक होता, यंत्राचा वाटत होता.

बाईंनी सुरतेहून मिस्त्री बोलावला. त्याने नाकपुड्या फुगवून इंजिन ऐकलं आणि मान हलवली. "बेन, एंजिन खोलवुं पडशे. दोढ महिनो."

गाडी शुक्रवारी मालगाडीवर चढवून सुरतेला पाठवायचं ठरलं. दीड महिना म्हणजे तीन महिने, हे बाई जाणून होत्या. तोवर त्या टांग्याने जाणार आणि नारसिंगला काम उरणार नव्हतं.

गुरुवारी पहाटे घाटमाथ्यावरच्या एका वस्तीतून निरोप आला. बुधीबाई नावाची पोर दोन दिवस अडली होती. गाडी वाजो नाहीतर थांबो, बाई निघाल्या. टिक् टिक् करत त्यांनी कोंडाईबारीचा घाट चढला. दुपारी एकला बुधीबाईला मुलगी झाली, आई आणि लेक दोघी सुखरूप. बाईंनी हात धुतले, नाचणीची भाकर खाल्ली आणि परतीला लागल्या.

घाटाचं शेवटचं वळण संपलं की पुढे मैलभर रस्ता सरळ आणि हलक्या उताराचा आहे. तिथे आल्यावर नारसिंग एकदम म्हणाला, "बाई, इंजिन बंद करा."

"याड लागनं का तुले?"

"बंद करा. गियर काढी ल्या. गाडी आपोआप पळू द्या. ब्रेक शे ना तुमना हातमा?"

"पायमा शे," बाई म्हणाल्या. पण त्यांनी किल्ली फिरवली.

घरघर थांबली. नुसता वारा आणि चाकाखालची माती. गाडी आपल्या वजनाने घरंगळत राहिली आणि त्या शांततेत आवाज आधीपेक्षा स्वच्छ आला. टिक्. टिक्. टिक्.

बाई सुकाणूवरचे हात न हलवता म्हणाल्या, "इंजिन तर बंद शे."

"म्हणीसन तो इंजिनना आवाज नही."

त्याने गाडी थांबवायला लावली. डोक्याचं फडकं फाडून एक चिंधी डाव्या मागच्या चाकाच्या आऱ्याला बांधली. लांबच्या वाटेवर गाडीवान असंच करतात, चिंधी किती वेळा वर आली ते मोजून कोस काढतात. ब्रेक सोडला, गाडी पुन्हा घरंगळू लागली. नारसिंग कापलेल्या दारावरून अर्धा बाहेर वाकला. बाईंनी एका हाताने त्याच्या कुडत्याचं टोक धरून ठेवलं.

"पडशी ना!"

"तुम्ही पुढे देखा."

चिंधी वर आली, टिक्. खाली गेली. वर आली, टिक्. उतार कमी होऊन गाडी मंदावली तसा आवाजही मंदावला. चुकून एकदाही मागेपुढे झाला नाही.

नारसिंगला आता सगळं कळलं. राखलेले दोन ठोके त्याला आपल्याच मनगटात जाणवले. नट सैल होता. चाक आसावर सरकत होतं आणि उद्या परवा कुठल्यातरी वळणावर ते निघून गेलं असतं. सकाळीच त्यांनी त्याच चाकावर अख्खा घाट चढला होता.

गाडी करंजाच्या झाडाखाली थांबली. बाई उतरून त्याच्याकडे बघत राहिल्या. गप्प राहणं अगदी सोपं होतं. नट आपोआप ढिला झाला असं म्हणता आलं असतं. मिस्त्रीची फजिती झाली असती आणि नारसिंगची वाहवा. करणसिंग भोंग्यापायी घरी गेला होता. इथे तर चाक होतं.

"चाक ढिलं शे," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मीच ढिलं ठेवं, दोन ठोका राखीसन. रविवारले काढेल व्हतं. तेल लावाले."

"मी तुले काय सांगेल व्हतं?"

"काही खोलानं नही."

"मग?"

"बैलगाडीनं चाक घट बसाडं का तापस, बाई. माले वाटनं हाई बी तसंच व्हई."

कोकिळाबाईंनी बैठकीमागून लाकडी हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. नारसिंगने नट ठोकला. चांगला घट्ट झाल्यावर तो थांबला.

"आणखी दोन," बाई म्हणाल्या.

त्याने आणखी दोन ठोके घातले. मग बाईंनी त्याच्याकडून उरलेली तिन्ही चाकं ठोकून घेतली. मग इंजिन सुरू करून त्या नवापूरला निघाल्या. टिक् टिक् गेलं होतं.

दवाखान्यासमोर उतरल्यावर त्या म्हणाल्या, "अट म्हणजे अट. उद्यापासून आठ दिवस तोंड दाखवू नकोस. तुझ्या त्या राखलेल्या दोन ठोक्यांनी बुधीबाईकडं पोचायच्या आधीच मी दरीत गेले असते." मग त्यांनी सुरतेच्या मिस्त्रीला तार करायला सांगितली. गाडी पाठवत नाही, एवढंच.

घरी रमीबाईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तूच बिघडवलंस आणि तूच शोधलंस," ती म्हणाली. "आणि मग स्वतःच जाऊन सांगितलंस. चारातलं निदान एक तरी शहाणपणाचं करायचं होतंस."

"चार कुठं? तीनच झाली," नारसिंग म्हणाला.

"चौथं म्हणजे बाईला घाटात इंजिन बंद करायला लावणं."

सहा दिवस त्याने कूड लिंपला, कोंबड्यांना खुराडं बांधलं आणि दुपारी काही न करता अंगणात बसून राहिला. सातव्या दिवशी सकाळी पाड्याची पोरं ओरडत धावली. लाल गाडी धुळीच्या वाटेने थेट दारापर्यंत आली होती आणि बाई भोंगा वाजवत होत्या.

"आठ दिवस झाले नाहीत," नारसिंग उठून म्हणाला.

"माले मोजता येस. गाडीमा आवाज येई ऱ्हायना. बैस."

तो बसला. बाईंनी पाड्याबाहेरच्या टेकाडावरून गाडी इंजिन बंद करून उतारावर सोडली. नारसिंग दारावरून वाकला, डोळे मिटले आणि खालच्या नाल्यापर्यंत कान देऊन ऐकत राहिला. वारा होता, धूळ होती, चाकं एकसारखी फिरत होती.

"काहीच येत नही, बाई."

"नही येत ना?" कोकिळाबाईंनी इंजिन सुरू केलं. "मग चाल. विसरवाडीले जाणं शे, उशीर व्हई ऱ्हायना."