टोप तिने विणले, भाव यांनी खाल्ला

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली ती हातात कसब घेऊन, पण घरात कुणाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. ती केसांचे टोप बनवायची. नाटकवाल्यांसाठी, एकटीच, आमच्या बंद केलेल्या गॅलरीत बसून. बारीक जाळीच्या टोपीत हुकाने एकेक केस ओढून गाठ मारायची. मान वाकलेली, डोळे लाल.

"हा काय धंदा झाला? उद्या आमटीत केस निघेल," आमचे हे म्हणायचे. आमटीत एकदा केस निघालाही, पण तो यांचाच होता, पांढरा. तरी गॅलरी सोडावी लागली तिलाच. गॅरेजवरच्या पत्र्याच्या खोलीत तिचं सामान गेलं. दीर माझा भला माणूस, पण मोठ्या भावासमोर त्याची वाचाच बसायची.

त्या खोलीत एक दिवस एक शिक्षिका आली. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते. धाकटीने तिचे जुने फोटो मागवले, भांग कुठे पडायचा, कपाळावर कुठली बट उडायची, सगळं विचारून घेतलं. टोप डोक्यावर बसल्यावर ती बाई आरशात बघता बघता सवयीने कानामागे केस सारू लागली, आणि रडायला लागली. मी चहा घेऊन दारात उभी होते. मलाही राहवलं नाही.

त्या शिक्षिकेनेच हॉस्पिटलमधल्या नर्सला सांगितलं आणि माणसांची रीघ लागली. दोन हातांनी किती ओढणार? धाकटीने कामाला बायका ठेवल्या. पण त्या घरी गेल्या की त्यांचं काम उसवून ही पुन्हा स्वतः करायची. मनगट सुजलं, तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग त्यांना ठेवलंस कशाला? शोभेला?"

ती चिडली. पण दुसऱ्या दिवशी तिने हूक ड्रॉवरमध्ये ठेवला आणि काम वाटून दिलं. माप एकीकडे, जाळी दुसरीकडे, कपाळाची नाजूक ओळ सगळ्यांत चांगला हात असलेलीकडे. ही फक्त शिकवायची आणि तपासायची. गिऱ्हाइकं कुरकुरली, "आम्हाला तुमच्याच हातचा हवा." ती म्हणायची, "यांचे हात मी घडवलेत. घालून बघा, मग बोला." कुणी परत आणून दिला नाही.

यथावकाश कंपनी झाली, तिने कर्ज काढून मोठी जागा घेतली. आणि तेव्हा आमच्या यांना अचानक भावजयीचा उमाळा आला! रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या ऑफिसात जायचे, तिच्याच खुर्चीत बसायचे. पाहुणा आला की ती उभी आणि हे बसलेले. बँकेचा माणूसही यांच्याकडेच बघून बोलायचा. कर्ज फेडणारी बाई समोर उभी आणि साहेब कोण, तर बसलेला पुरुष!

नव्या कारखान्याच्या उद्घाटनाला पत्रकार आला. धाकटी शिक्षिकेला जागा दाखवत होती, तेवढ्यात यांनी त्याला गाठलं. "घाबरत होती हो ती. मी म्हटलं, तू फक्त विण, बाकीचं मी बघतो. गॅलरीसुद्धा मीच रिकामी करून दिली."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "रिकामी करून दिली नाही, रिकामी करून घेतली," मी म्हटलं, सगळ्यांसमोर. "केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच."

हे हसले. "आमची ही जरा विनोदी आहे." पत्रकारही हसला. आणि छापलं काय? यांचा फोटो, खाली 'थोरल्या दिरांच्या मार्गदर्शनाखाली भरारी'. धाकटीचं नाव तिसऱ्या परिच्छेदात, तेही चुकीचं.

धाकटीने वर्तमानपत्राला फोन केला. दुरुस्ती आली, हरवले-सापडलेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. मग तिने यांना ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते.

"भाऊजी, उद्यापासून यायचं नाही."

"म्हणजे? घरच्या माणसाला बाहेर काढतेस?"

"घरी जेवायला या. इथे तुमचं काम काय?"

हे टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले. खरंच काही काम नव्हतं. दीर दारात उभा होता. त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं, "दादा, चल, मी सोडतो तुला."

हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घर शांत होतं, चांगलं वाटलं. मी आता कंपनीत आलेल्या बायकांना आत नेते, आरशासमोर बसवते, घाबरलेल्या असतात त्यांच्याशी बोलते. पगार घेते, जावेकडून फुकट काही नाही.

हे अजूनही लग्नकार्यात कुणीतरी नवीन माणूस गाठून सुरू होतात, "कंपनी उभी करताना मला फार त्रास झाला..." मग मी माझं ताट उचलते, शेजारी जाऊन बसते आणि त्या माणसाला सांगते, "खोटं आहे. विचारा मला."