आधी प्रणालीचं बटण परत लावा

मेलेल्या माणसाला व्हिजनरी म्हणायला काही खर्च येत नाही.

आज प्रणालीला जाऊन वर्ष झालं. आमच्या कंपनीनं नेमका आजचाच मुहूर्त साधून बसच्या प्रवाशांची वेबसाइट सुरू केली. पहिल्याच पानावर तिचा फोटो. खाली "समर्पित".

आणि ज्या एका बटणासाठी ती भांडली, तेच गायब!

प्रणाली आर्वीची, माझी मैत्रीण. ती डिझाइन करायची, मी कोड लिहायचे.

तिचं बटण साधं होतं. "थांबा हवा".

एकदा दाबलं की पान ओळखायचं, तुम्ही कुठल्या बसमध्ये आहात, कुठवर आलात. मग सांगायचं, पुढे बस कुठे थांबेल आणि तिथलं बायकांचं बाथरूम उघडं आहे की कुलूपबंद. आधी उतरलेल्या बायकाच ते कळवायच्या.

कारण आमच्याकडच्या कितीतरी बायका बसनं जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तिची आई, आमच्या काकूसुद्धा.

ट्रायलला काकूंना घेऊन आम्ही आर्वीहून नागपूरला निघालो. पान म्हणालं, कारंजाला उघडं आहे.

"खरंच हाय का वं पोरी?"

"हाय आई. पे तू बिनधास्त."

काकूंनी अर्धी बाटली गटागटा संपवली. प्रणाली खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत बसली.

मीटिंगमध्ये कंपनीचे सर हसले. "बाथरूमसाठी वेबसाइट कोण उघडतं?"

"तुम्हाले काऊन लागंल सर? तुमच्यासाठी तर सारा हायवेच हाय!"

प्रणालीनं तिथंच सुनावलं होतं. डेंग्यूनं ती गेली आणि महिन्याभरात बटण उडालं. मी भांडले. उत्तर आलं, "युजर डिमांड नाही."

त्या जागी आता "खास तुमच्यासाठी" म्हणून ढाब्यांच्या ऑफर्स येतात. माळकरी काकूंना मटण थाळीवर सूट.

पर्सनलाइज्ड म्हणे! कपाळ माझं.

आज काकू कार्यक्रमाला आर्वीहून बसनं आल्या. ओठ सुकलेले. लेकीच्या फोटोला हार घालायच्या आधी माझ्या कानाशी आल्या.

"पोरी, इथं बाथरूम हाय का? सकाळपासून घोटभर पाणी नाई घेतलं मी."

माझं डोकंच फिरलं. काकूंना आत नेलं, पाणी दिलं आणि थेट सरांसमोर जाऊन उभी राहिले.

"तिचा फोटो काढून टाका. बटण लावा."

"आज नको. पाहुणे आहेत."

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. वाचा. कोड माझ्याकडे तयार आहे. एका दिवसाचं काम आहे.

आणि बाकीच्यांनो, खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. तुमच्या गावच्या स्टँडवरचं बायकांचं बाथरूम आज उघडं होतं का, तेवढं लिहा. तीच तिला श्रद्धांजली.

प्रणाली, जिथं असशील तिथं पोटभर पाणी पिजो वं.